नेटवर्क प्रिंटर वारंवार ऑफलाइन जातो, तेव्हा आधी त्याचा आयपी पक्का करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. खाली ऑफिसात तीन संगणक, माडीवर जॅकार्डच्या डिझाइनचं वर्कस्टेशन. लॅन (केबलचं नेटवर्क) आणि वायफाय दोन्ही असलेला नवा लेझर प्रिंटर घेतला. खालच्या तिन्ही संगणकांवर तो लागला, पण लाईट जाऊन आली की 'ऑफलाइन' दाखवतो. वरच्या वर्कस्टेशनला तर तो सापडतच नाही. टेक्निशियन म्हणतो, प्रिंटर अकाउंटंटच्या संगणकाला यूएसबीने जोडू आणि तिथून सगळ्यांना शेअर करू. तसं करावं का? आणि चलनाच्या जुन्या डॉट मॅट्रिक्सचं काय?

लेझर प्रिंटर शेअर करू नका. नेटवर्कचा प्रिंटर घेतलाय, म्हणजे प्रत्येक संगणक त्याच्याशी थेट बोलू शकतो. मध्ये अकाउंटंटचा संगणक घातला, की तो बंद असताना कुणालाच प्रिंट मिळणार नाही. तो अपडेटसाठी रीस्टार्ट होत असेल तर गेटवर ट्रक थांबलेला असला तरी ई-वे बिल निघणार नाही. त्यात २०२१ पासून विंडोजने शेअर केलेल्या प्रिंटरचे नियम बरेच कडक केले आहेत. त्या वर्षी जुलैमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी त्रुटी उघडकीला आली आणि त्यानंतर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागू लागले. सप्टेंबरच्या अपडेटनंतर अनेक ऑफिसांत शेअर प्रिंटर जोडताना शेवटी '११बी' असलेला एरर यायला लागला. तो घालवायला रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) एक नोंद शून्य करण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. त्याने एरर जातो, पण मायक्रोसॉफ्टने जे भोक बुजवलं ते आपण परत उघडून ठेवतो. ज्या संगणकावर टॅली आणि बँकेचं काम चालतं, तिथे मी हे कधीच करणार नाही.

आता ऑफलाइनचं मूळ. आयपी म्हणजे नेटवर्कवरचा यंत्राचा आकड्यांतला पत्ता. प्रिंटरला आयपी राउटर देतो, आणि तो ठरावीक मुदतीपुरताच देतो. सुटीच्या दिवशी प्रिंटर बंद राहिला, मुदत संपली, तेवढ्यात सुपरवायझरचा किंवा ट्रान्सपोर्टवाल्याचा मोबाईल वायफायला लागला, की तोच आयपी मोबाईलला जाऊ शकतो. लाईट गेल्यावर तर राउटर, स्विच (लॅनच्या केबली जोडणारी पेटी), प्रिंटर, संगणक सगळं एकदम बंद पडतं आणि एकदम सुरू होतं. कुणाला कोणता आयपी दिला होता, हे बरेच छोटे राउटर बंद झाल्यावर विसरून जातात. काल १९२.१६८.१.९ वर असलेला प्रिंटर आज १४ वर उठतो, आणि संगणक मात्र ९ वरच कागद पाठवत बसतो. प्रिंटर राउटरच्या आधी तयार झाला तर तो वाट पाहून स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी घेतो. प्रिंटरच्या स्क्रीनवर हा आकडा दिसला तर समजा की त्याला राउटर भेटलेलाच नाही. अशा वेळी संगणकाला हात लावू नका. केबल बघा, नाहीतर राउटर पूर्ण सुरू झाल्यावर प्रिंटर एकदा बंद-चालू करा.

म्हणून संगणकाकडे जाण्याआधी प्रिंटरचा आयपी पक्का करायचा. प्रिंटरचं कॉन्फिगरेशन पेज काढा. स्क्रीन असेल तर मेन्यूत रिपोर्ट किंवा नेटवर्कखाली ते मिळतं. स्क्रीन नसेल तर बहुतेक मॉडेलमध्ये एखादं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. कोणतं, ते सोबतच्या पुस्तिकेत असतं. त्या कागदावर आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि मॅक अ‍ॅड्रेस छापून येतो. मॅक म्हणजे त्या यंत्राचा बारा अक्षरी ओळख क्रमांक. यात एक बारकावा आहे: लॅनचा मॅक आणि वायफायचा मॅक वेगवेगळे असतात. तुम्ही केबल लावणार असाल तर लॅनचाच घ्या.

केबलच लावा, हेही इथेच सांगतो. प्रिंटर जागचा हलत नाही, त्याला वायफायची गरज नाही. बरेच प्रिंटर फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात आणि कारखान्यात लोखंडी कपाटं, पत्र्याचं पार्टिशन, शेजारच्या युनिटचे राउटर या सगळ्यांतून सिग्नल कसाबसा पोचतो. कॅट-६ची केबल ओढा, मोटारींच्या पॉवर केबलला बांधून नेऊ नका, आणि स्विचपासून १०० मीटरच्या आत ठेवा. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादाच तेवढी आहे. शेडच्या पलीकडच्या टोकाला न्यायचं असेल तर तिथे फायबर लागेल.

आयपी पक्का करायच्या दोन जागा आहेत: राउटर किंवा प्रिंटर. राउटरचा पासवर्ड तुमच्याकडे असेल तर राउटरमध्येच करा. डीएचसीपीच्या (आपोआप आयपी वाटण्याच्या सोयीच्या) पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'आयपी-मॅक बाइंडिंग' अशा कुठल्या तरी नावाने सोय असते. तिथे प्रिंटरचा मॅक आणि त्याला द्यायचा आयपी, समजा १९२.१६८.१.५०, लिहून सेव्ह करायचं. प्रिंटर 'ऑटो'वरच राहतो, पण प्रत्येक वेळी त्याला ५०च मिळतो.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी राउटर केबलवाल्याने बसवलेला असतो आणि पासवर्ड त्याच्याकडेच असतो. मिळत असेल तर मागून घ्या, लाइनचे पैसे तुम्ही भरता. नाहीच मिळाला तर आयपी प्रिंटरमध्ये भरावा लागेल. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आत्ताचा आयपी टाकलात की प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं. नेटवर्कच्या भागात 'मॅन्युअल' किंवा 'स्टॅटिक' निवडा; आयपी, सबनेट २५५.२५५.२५५.० आणि राउटरचा आयपी गेटवे म्हणून भरा. राउटर आपोआप जे आकडे वाटतो, त्यांच्या बाहेरचा आकडा घ्या. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर ५० चालेल, १५० चालणार नाही. नाहीतर तोच आकडा उद्या एखाद्या मोबाईलला जाईल आणि दोघेही अडकतील. त्या पानावर आलाच आहात तर अ‍ॅडमिन पासवर्डही ठेवून द्या. तिथे पोचलेला कुणीही सेटिंग बदलू शकतो.

प्रिंटरमध्ये भरलेल्या आयपीला एक धोका आहे, इंटरनेटवाला बदलला की आयपीच्या आकड्यांची सगळी रांगच बदलू शकते. जिओफायबरच्या राउटरचा आयपी १९२.१६८.२९.१ असतो; आधीची रांग १९२.१६८.१ ची असेल, तर नवं कनेक्शन लागल्यावर संगणक २९ च्या रांगेत जातील आणि प्रिंटर १ च्या रांगेतच राहील. प्रिंटर बिघडलाय असं समजून लोक सर्व्हिसवाल्याला बोलावतात. कनेक्शन बदलायच्या दिवशीच प्रिंटरचा आयपी नव्या रांगेत घ्यायचा, एवढंच करायचं असतं.

आता खालच्या तीन संगणकांपैकी एकावर बसा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, त्यात तुमचा प्रिंटर, त्यात 'प्रिंटर प्रॉपर्टीज', आणि वरच्या ओळीत 'पोर्ट्स', म्हणजे प्रिंट जायच्या वाटा. खूण केलेल्या पोर्टचं नाव 'डब्ल्यूएसडी' ने सुरू होत असेल तर तुमच्या तक्रारीचं अर्धं उत्तर तिथेच आहे. 'अ‍ॅड डिव्हाइस' दाबून विंडोजने आपण होऊन शोधलेला प्रिंटर बऱ्याचदा असा जोडला जातो. ही पद्धत प्रिंटरला नेटवर्कवर हाक मारून शोधते. आयपी बदलला तरी सापडावा, अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात संगणक झोपेतून उठला, प्रिंटर स्लीपमध्ये असला, मध्ये एखादा चुकीचा जोडलेला राउटर आला, की हाक पोचत नाही आणि प्रिंटर करडा, म्हणजे ऑफलाइन, दिसतो. कायम एका जागी असलेल्या प्रिंटरला मी हा पोर्ट ठेवत नाही.

पोर्ट बदलूनही कधी कधी भागतं, पण आपोआप बसलेला ड्रायव्हर नव्या पोर्टशी जुळेलच असं नाही. म्हणून तो प्रिंटर काढून टाका आणि नव्याने घ्या. आधी कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून ठेवा. विंडोज अपडेटमधून कंपन्यांचे ड्रायव्हर देणं टप्प्याटप्प्याने बंद करणार, असं मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलंय, तेव्हा ती फाइल आपल्याकडे जपून असलेली बरी.

मग 'अ‍ॅड डिव्हाइस' दाबा, पण शोधून दाखवलेल्या नावावर क्लिक करू नका. थोडं थांबलं की खाली 'अ‍ॅड मॅन्युअली' येतं. त्यातून आयपी अ‍ॅड्रेस किंवा होस्टनेमने प्रिंटर जोडण्याचा पर्याय निवडा. पुढच्या चौकटीत डिव्हाइस टाइप 'ऑटोडिटेक्ट' असतो, तो बदलून 'टीसीपी/आयपी डिव्हाइस' करा. हे केलं नाही तर विंडोज पुन्हा डब्ल्यूएसडीकडे जाऊ शकतं. आयपी १९२.१६८.१.५० भरा. ड्रायव्हर विचारल्यावर 'हॅव डिस्क'मधून उतरवलेला द्या. शेअर करायचा का विचारलं तर नाही म्हणा. टेस्ट पेज काढा. या कामाला अ‍ॅडमिनचं लॉगिन लागतं, ते आधीच हाताशी ठेवा.

लगेच परत पोर्ट्समध्ये जाऊन 'कॉन्फिगर पोर्ट' उघडा. तिथे 'रॉ' आणि ९१०० हा आकडा दिसायला हवा. आजचे बहुतेक ऑफिस प्रिंटर याच दारातून कागद घेतात. खाली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी खूण असते. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारतं आणि उत्तर आलं नाही की प्रिंटर चांगला असूनही ऑफलाइन ठरवतं. आयपी बरोबर आहे, ब्राउझरमध्ये प्रिंटरचं पान उघडतंय, तरी संगणक ऑफलाइन म्हणतोय, अशी स्थिती असेल तर ही खूण काढा. कागद संपल्याचा निरोप संगणकावर कदाचित येणार नाही, पण प्रिंटर खोलीतच असल्याने ते चालतं.

वर्कस्टेशनचं दुखणं वेगळं आहे. त्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाका. आकडा १९२.१६८.१ ने सुरू होतो का, बघा. माझा अंदाज, तिथे १९२.१६८.० किंवा दुसरंच काही दिसेल. माडीवर वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी दुसरा राउटर आणून बसवलेला असतो, आणि खालून आलेली केबल त्याच्या 'वॅन' नावाच्या वेगळ्या रंगाच्या भोकात लावलेली असते. इंटरनेट छान चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण त्या राउटरने वर स्वतःचं निराळं नेटवर्क तयार केलेलं असतं. विंडोजची प्रिंटर शोधायची हाक ते ओलांडू शकत नाही, म्हणून तुमचा प्रिंटर वर दिसत नाही.

यात एक गंमत आहे. दोन्ही रांगा वेगळ्या असतील, तर वरून थेट आयपी टाकून जोडलेला खालचा प्रिंटर बहुधा चालतो, कारण आतल्या राउटरमागून बाहेर जायला वाट असते. उलट, प्रिंटर वर आणि संगणक खाली असते तर चाललं नसतं. दोन्ही राउटर १९२.१६८.१ याच रांगेत असतील तर कुठल्याच बाजूने चालत नाही. तात्पुरती निकड असेल तर आयपीने जोडून काम काढा, पण नीट उपाय म्हणजे वरच्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाकणं, म्हणजे तो स्वतःचं नेटवर्क न बनवता खालचंच पुढे देतो. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करायचं, त्याचा स्वतःचा आयपी खालच्या रांगेतला पण मोकळा असा ठेवायचा, आणि खालची केबल वॅनमधून काढून लॅनच्या भोकात लावायची. वर्कस्टेशन रीस्टार्ट केलं की त्याला १९२.१६८.१ चा आकडा मिळेल आणि बाकीचं सगळं खालच्या संगणकांसारखंच. वर्कस्टेशन वायफायवर असेल तर ते 'गेस्ट' नेटवर्कला लागलेलं नाही ना, तेही बघा. गेस्टवरून आतल्या यंत्रांपर्यंत सहसा जाऊच देत नाहीत.

जोडण्याआधी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' आणि प्रिंटरचा आयपी टाकून तो उत्तर देतो का बघायची सवय ठेवा, पण उत्तर नीट वाचा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे पलीकडून काहीच आलं नाही. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर त्या ओळीतला आयपी बघा: तो बऱ्याचदा तुमच्याच संगणकाचा असतो, आणि तरी खाली 'लॉस ० टक्के' छापलेलं दिसतं. तो शून्य पाहून प्रिंटर मिळाला असं समजू नका. अगदी चोख उत्तर आलं तरी तो आयपी एखाद्या मोबाईलचा असू शकतो. खात्रीची परीक्षा एकच, ब्राउझरमध्ये आयपी टाकून प्रिंटरचं पान उघडणं.

प्रिंटर चालेना म्हणून फायरवॉल बंद करून टाकणारे पुष्कळ आहेत. थेट आयपीने जाणाऱ्या प्रिंटला विंडोजची फायरवॉल मुळात अडवतच नाही; बाहेर जाणारी वाट तिने मोकळीच ठेवलेली असते. बंद केली असेल तर कृपया परत चालू करा.

पुढच्या गोष्टी छोट्या आहेत, पण तक्रारी यांच्याच जास्त येतात. सेटिंग्जमधलं 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा. नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो आणि टॅलीचं इनव्हॉइस डॉट मॅट्रिक्सवर जातं. कागदाचा आकार प्रत्येक संगणकावर 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये ए४ आहे का, पाहा. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये तो 'लेटर' असतो, आणि मग प्रिंटर दिवा लुकलुकवत लेटरचा कागद मागत उभा राहतो. मराठी अर्जाच्या किंवा सातबाऱ्याच्या पीडीएफमधली अक्षरं तुटून, वेलांट्या सुट्या होऊन छापली गेली, तर अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट चौकटीत 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिंट अ‍ॅज इमेज'वर खूण करा. प्रिंट थोडी हळू निघते, अक्षर मात्र पडद्यावर दिसतं तसंच येतं. स्कॅनर असलेलं मॉडेल असेल तर वर सांगितलेल्या पद्धतीने फक्त प्रिंट सुरू होते. स्कॅनसाठी कंपनीचं पूर्ण पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

ऑफलाइन असताना माणूस पाच-सहा वेळा प्रिंट दाबतो आणि ते सगळे कागद रांगेत साठतात. रांग अडकून डिलीटही होत नसेल, तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरच्या आतल्या फाइल काढा (फोल्डर तसाच राहू दे) आणि स्पूलर पुन्हा सुरू करा.

लाईटचा त्रास आहे तर राउटर आणि स्विच छोट्या यूपीएसवर घ्या. लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर लावू नका. त्यातला फ्यूजर (शाई कागदावर पक्की करणारा गरम भाग) तापताना एकदम मोठा भार ओढतो आणि यूपीएस बसतो, सोबत राउटर आणि स्विचही जातात. टॉवेलच्या कारखान्यात सुताचे तंतू हवेतच असतात. ते कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर बसतात आणि कागद घसरायला लागतो. ट्रे झाकून ठेवा, आणि प्रिंटर बंद करून, प्लग काढून, तंतू न सुटणाऱ्या किंचित ओल्या कापडाने रोलर पुसत जा.

राहिला डॉट मॅट्रिक्स. कार्बनच्या तीन प्रतींचं चलन लेझरवर निघणार नाही, तेव्हा तो ठेवाच. त्याला लॅनचं पोर्ट नसल्यामुळे इथे शेअरिंगला पर्याय नाही, आणि ते ठीक आहे, कारण चलन जिथे बनतं त्या डिस्पॅचच्या संगणकालाच तो लावता येतो. दुसऱ्या एखाद्या संगणकावरून लागत असेल तेवढ्यालाच शेअर द्या: दोन्हीकडे नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा, डिस्पॅचच्या संगणकावर पासवर्ड असलेलं एक खातं काढा, आणि दुसऱ्या संगणकावर त्याच खात्याचं नाव-पासवर्ड भरा. पासवर्डशिवाय चालणारं शेअरिंग नव्या विंडोज ११ मध्ये सुरुवातीपासूनच बंद असतं. ते ढिलं करत बसण्यापेक्षा खातं काढणं सोपं पडतं. पुढे कधी डॉट मॅट्रिक्स बदलायची वेळ आली तर लॅन पोर्ट असलेलं मॉडेल विचारा, म्हणजे त्यालाही ५१ नंबर देऊन लेझरसारखाच सगळ्या संगणकांना थेट जोडता येईल.